अ समरी

मुद्देमालाच्या खोलीत पंखा नाही,
लेबलं उडतात म्हणून.

गुन्हा खरा, पण आरोपी मिळून येत नाही :
आमच्यात ह्याला अ समरी म्हणतात.
मुळाक्षरांतलं पहिलंच अक्षर,
आणि तिथंच फाईल मिटते.

शहाण्णव सालचं पाकीट.
माझ्या आधीच्या चार कारकुनांची त्यावर अक्षरं.
अनोळखी स्त्री, वय अंदाजे पंचवीस,
रुईच्या बंधाऱ्याचे बरगे काढताना
सहाव्या गाळ्यात अडकलेली.
गळ्याला दोरीचा वळ. चेहरा पाण्यानं नेलेला.
एक दाढ, काचेच्या बाटलीत.
एक पैंजण, पांढऱ्या धातूचं.
पंचनाम्यात चांदीला कुणी चांदी लिहीत नाही,
पारख होईपर्यंत सगळाच पांढरा धातू.
शेवटी, पंचांसमक्ष : घुंगरं गहाळ.

नवे साहेब म्हणाले, जुना माल निकाली काढा, यादी करा.
मी यादी केली.
हे पाकीट यादीत घातलं नाही.

परवानगीचं पत्र पर्समध्ये, पैंजण रुमालात,
एस्टीनं हुपरी.
अकरा घरं. भिंग लावून बघत होते सगळे,
शिक्का घासून गेलेला.
आता मशीनचा माल, मॅडम,
हाताचं काम कोण ओळखणार.

बाराव्या दारात आक्काताई रेंदाळे शेंगा फोडत होत्या.
एका डोळ्यात फूल पडलेलं.
त्यांनी पैंजण बघितलंच नाही,
कड्यांवरनं नुसता अंगठा फिरवला.
"ह्यो डाग माजा."

मी दचकले.
आमच्या खोलीत डाग म्हणजे वेगळं :
साडीवरचा, कोयत्यावरचा,
रासायनिक तपासणीला जातो तो.
त्यांच्या घरात डाग म्हणजे तारेची दोन टोकं,
चिमूटभर सवागी, फुंकणीतनं एक श्वास,
आणि जोड.
"डावऱ्या हातानं दिलाय बगा. आक्की गल्ली उजवी."

मग म्हणाल्या,
"आनि घुंगरं गहाळ कुटली? मीच काडल्यात.
हितंच पायरीवर बसली हुती.
म्हनली, वाजतंय. रातीचं उटलं की घरात कळतंय.
मजुरीला पैसं न्हवतं.
घुंगरं ठिवा म्हनली, परत येते, सोडवून नेते."

आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज.
तंबाखूची डबी, तिच्यात घुंगरं,
काळी पडलेली.
"इकली असती की वं. सत्तावीस वर्सं झाली.
पन येते म्हनली हुती न्हवं."

डबीच्या तळाला त्यांच्या मालकाच्या हातची चिठ्ठी :
बाळव्वा. अकरा नग.
गाव नाही, आडनाव नाही.

त्या सालच्या बेपत्ता नोंदी काढल्या,
चार तालुक्यांच्या, पलीकडं चिकोडीच्याही.
नऊ बायका. बाळव्वा एकही नाही.
ही हरवली असं सांगायला
कुणीच ठाण्याची पायरी चढलं नव्हतं.
हे मी आता पुराव्यात धरते.

दाढ तपासणीला पाठवायची तर जुळवायला रक्त कुणाचं?
नदीकाठच्या ग्रामपंचायतींना पत्रं टाकलीत,
सीमेपलीकडची कन्नडमधून,
आमचा निपाणीचा शिपाई लिहितो.
दोन उत्तरं आली. दोन्हींत, निरंक.

अनोळखी हा शब्द मला खोडता येत नाही,
त्याला कोर्टाची परवानगी लागते.
खाली पेन्सिलनं लिहून ठेवलंय : बाळव्वा.

घुंगरं वेगळ्या पाकिटात घातली, लाख लावली,
कपाट लोटलं.
आत वाजलं.
पहाऱ्यावरचा म्हणाला, उंदीर असेल मॅडम.
मी म्हटलं, नाही.
उठली असेल.